आधी हात, मग आवाज

९ जानेवारी

भिंगरे,

आशीर्वाद दिलेत असं समज आणि पुढे वाच. पत्र बघून घाबरू नकोस, कोणी मेलेलं नाही. फोन सोडून कागद का, तर एक म्हणजे मी फोनवर दोन वाक्यं सरळ बोलले की तुझी मीटिंग निघते. कागद मध्येच कापता येत नाही. आणि दुसरं कारण तुझा आबा. भिंतीला कान असतात म्हणतात, आपल्या घरात डोळे आहेत. जन्माचा बहिरा माणूस, पण पन्नास वर्षं माझे ओठ वाचतोय. त्याच्याविषयी बोलतेय हे त्याला नुसत्या माझ्या हनुवटीवरून कळतं. अक्षराशी मात्र त्याचं वाकडं. माझी तिसरीपर्यंतची शाळा आज पहिल्यांदा कामाला आली.

आता कालचं ऐक. दर रविवारी तुझा व्हिडिओ कॉल येतो आणि तो खाली दुकानात पत्रा ठोकत बसतो. तीन वर्षं हेच. काल मी बोलावलं नव्हतं. कॉल लागल्यावर आपणहून वर आला. कोपरापर्यंत साबण लावून हात धुतले, धुतलेला सदरा चढवला आणि माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसला. मी नुसता फोन त्याच्याकडे वळवला. म्हटलं आपण बोललो की बिनसतं. तुला तो दिसला तेव्हा तुझं तोंड जे उघडं पडलं ते मी पाहिलं. मग त्याने हात वर केला आणि हवेत बोट गरगर फिरवलं. भिंगरी. त्याने ठेवलेलं तुझं नाव. तीन वर्षांत त्या बोटाने ते घेतलं नव्हतं.

आणि तुमचं चित्र अडकलं.

अडकायचं ते कुठे अडकावं? तुझी पापणी खाली आलेली असताना. पडद्यावर तू, डोळे गच्च मिटलेली, पुतळ्यासारखी. आवाज मात्र खणखणीत, जणू तू पलंगावर बसली आहेस. त्या आवाजाचं त्याने काय करायचं? पाण्यात घालून प्यायचा?

तू नोकरीसाठी घर सोडून निघालीस तो दिवस तुला आठवत असेलच, तरी आठवण करून देते. तो दारात उभा राहून तुला जाऊ नकोस म्हणून सांगत होता, हात चालू होते, आणि तू डोळे मिटून घेतलेस. आपण ऐकणारी माणसं कानात बोटं घालतो, तसं. त्याचे हात तसेच हवेत राहिले. नंतर त्याने ते खिशात घातले.

काल तो पडद्याकडे दहा आकडे मोजेपर्यंत बघत होता. मग उठला, खुर्ची जागेवर ठेवली आणि खाली गेला. तेव्हापासून ठोकतोय.

हवेतून जाणारं चित्र अडकू नये म्हणून पगार घेणारी आपल्या घरात कोण, हे मी विचारणार नाही. तूच विचार स्वतःला.

आजी


२४ जानेवारी

भिंगरे,

तुझा आवाजी निरोप आला. चार वेळा ऐकला. पहिल्या तीन वेळा मला वाटलं मी चुकीचं ऐकतेय.

म्हणजे ही चूक नाहीच. तुमचं यंत्र मुद्दाम तसं करतं. हवेतली वाट अरुंद झाली की सगळं सामान त्यातून जात नाही, काहीतरी टाकावं लागतं, इथपर्यंत मला समजलं. नाव बुडायला लागली की ओझं फेकतात. पण आधी चित्र फेकायचं आणि आवाज जिवापाड सांभाळायचा, हा नियम. का, तर दोन हजार माणसांना विचारलं आणि सगळी म्हणाली, चित्र थांबलं तर चालेल, आवाज तुटला तर वैताग येतो.

त्या दोन हजारांत बहिरं एकही नव्हतं का गं? त्यांना विचारलंत कसं, फोन करून?

आणि हा नियम लिहिला कोणी, तर तू. नोकरीतलं पहिलं मोठं काम, साहेबांनी शाबासकी दिली, त्याचा फोटोही मला पाठवला होतास. मी तो शेजारच्या दुकानातल्या शिंपिणीला दाखवला होता. आता तोंड लपवावं की काय ते कळेना.

तू वर्षाची होतीस तेव्हा तुझी आई गेली, बापाने दुसरा संसार मांडला आणि तू आमच्या पदरात आलीस. तोंडाने वाक्य बोलायच्या आधी तू हातांनी बोलायला लागलीस. दूध सांडलं, कुत्रं आलं, आजी ओरडली, सगळं त्याला हातांनी जाऊन सांगायचीस. शाळेतल्या बाई म्हणाल्या होत्या, ही मुलगी वर्गात फार हात हलवते. आणि तीच मोठी होऊन लिहिते, आधी चित्र टाका. दिव्याखाली अंधार ऐकलं होतं, इथे दिवाच विझवून ठेवलाय.

तू म्हणतेस, "आजी, मला आबा आठवलेच नाहीत गं त्या वेळी." हे तू खरं बोललीस. खरं बोलतेस तेव्हा मला जास्त राग येतो.

बरं, तू सांगितलेली कामं. शिंपिणीच्या दुकानातला वायफायचा डबा बघून आले. तिच्या आणि आपल्या दुकानामधल्या भिंतीला तो टांगलाय. त्याच भिंतीला अलीकडून कोण टेकून उभं आहे ते ऐक, तुझ्या आबाचे पत्रे. ट्रंका करायचे, माणसाहून उंच, चाळीस तरी असतील. तुझी हवा त्या पत्र्यांतून वर कशी येणार? पाणीसुद्धा जात नाही त्यातून. ते हलव म्हणतेस. त्याला काय कारण सांगू? की ज्या फोनसमोरून तू उठून गेलास, त्याच्यासाठी पत्रे सरकव?

चित्र कुठे किती वेळा अडकतं, ती तपासणी करीन. पण दिवसातून तीनदा म्हणजे जुलूम आहे.

आजी


६ फेब्रुवारी

भिंगरे,

हे घे तुझं गणित. तू सांगितलंस तसंच लिहिलंय, नंतर म्हणू नकोस आजीला जमत नाही.

पलंगावर बसून, सकाळी: सहा वेळा अडकलं. खिडकीत: दोनदा. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर: एकदाही नाही, पण वरच्या मजल्यावरचा मास्तर मला ओलांडून तीनदा गेला आणि तिसऱ्या वेळी म्हणाला, "काकू, तब्येत बरी आहे ना?" स्वयंपाकाच्या ओट्याशी: मोजणं सोडून दिलं.

पत्रे हलवले. मी नाही, त्याने. मी खाली जाऊन एकटीच ओढायला लागले, तेव्हा हातातली कात्री टाकून धावत आला. काय चाललंय म्हणून विचारलं. मी सांगितलं, भिंतीला ओल आलीये. त्याने भिंतीला तळहात लावला, कोरडी ठणठणीत, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि काही न विचारता सगळे पत्रे समोरच्या बाजूला नेले. अडकणं निम्म्यावर आलं. म्हणजे तुमच्या कंपनीने इतक्या वर्षांत जे केलं नाही ते एका म्हाताऱ्याने अर्ध्या तासात केलं.

आता तुझ्या दोन चाचण्या. पहिलीत चित्र स्वच्छ होतं, तुझ्या कानातलं दिसत होतं, पण हात उड्या मारत होते. इथे होता, एकदम तिथे. मधलं गायब. तू पाणी म्हणालीस, मला थप्पड दिसली. दुसरीत तुझं तोंड उकडल्यासारखं, नाक कुठे ते कळेना, पण हात सलग हलत होते. मला शब्द न शब्द समजला. तू विचारलंस की आबा जेवले का, आणि मग विचारलंस की ते माझ्याविषयी काही विचारतात का. बघ, कळलं की नाही?

तेव्हा तुझ्या त्या शहाण्या माणसांना सांग, आम्हाला तुझं कानातलं नको आहे. चित्र घाण असू दे, हललं पाहिजे.

आणि दुसरं. अडकलं की अडकलंय असं स्पष्ट सांगा ना. आहे तो चेहरा तसाच टांगून ठेवता, बघणाऱ्याला काय कळणार की माणूस थांबलंय का यंत्र? कडेने लाल रेघ ओढा, काहीही करा. दुकान बंद असलं की आपण फळी लावतो, मालकाचं प्रेत गल्ल्यावर बसवून ठेवत नाही.

एक गोष्ट लिहायची नव्हती, पण तू घाई करत नाहीस म्हणून लिहिते. पत्रे नेताना मी त्याचा उजवा हात पाहिला. कापतो. मागच्या महिन्यात एका ट्रंकेचं झाकण वाकडं कापलं गेलं, बसेना. त्याने ती ट्रंक माझ्यापासून लपवून ठेवली, मी शोधली. डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाला, हे वाढणार, गोळ्यांनी हळू होईल, थांबणार नाही. कात्रीचं सोड. कात्री काय, दुसरा कोणी धरेल. पण तो बोलतो कशाने, ते तुला माहीत आहे. आतासुद्धा भरभर बोलायला लागला की शब्द एकमेकांत सांडतात आणि मग तो चिडून मध्येच सोडून देतो. अजून मला समजतं. वर्षाने कोणाला समजेल, सांगता येत नाही.

तर कोणी कोणाला माफ करायचं ते सावकाश ठरवा, पण हात आहेत तोवर ठरवा.

आजी


२० फेब्रुवारी

भिंगरे,

काल तू रडलीस, आणि मी फोन ठेवला. रडण्याने चित्र सुधारत असतं तर मीही बसले असते.

तुझा साहेब म्हणतो, दोन माणसांसाठी नियम बदलता येत नाही. त्याला विचार, दोनच कशी? जगातले सगळे बहिरे तुझ्या आबाच्या दुकानात कामाला आहेत का? ते तुमचं यंत्र वापरत नाहीत म्हणून तुमच्या मोजणीत येत नाहीत, आणि मोजणीत येत नाहीत म्हणून तुम्ही त्यांच्यासाठी काही करत नाही. पायरी तोडून ठेवायची आणि वर म्हणायचं, इथे कोणी चढतच नाही. साहेबाला एक दिवस कानात कापूस घालून बायकोशी तुमच्याच यंत्रावर बोलू दे. संध्याकाळपर्यंत नियम बदलेल. नाहीतर बायको.

नियम बदलू नका, वाटल्यास. बाजूला एक बटण द्या. ज्याला आवाज हवा त्याने आवाज घ्यावा, ज्याला हात हवेत त्याने हात. एवढं अवघड आहे का?

आता माझं. हे पत्र तीन दिवस अर्धं पडून होतं, कारण पुढचं लिहायचं नव्हतं.

त्या रविवारी चित्र अडकलं आणि तुझा आवाज चालू होता. तू म्हणालीस, "आबा, माझं चुकलं. मी डोळे मिटायला नको होते." स्पष्ट ऐकलं मी. तो उठायच्या आधी माझ्याकडे वळला आणि हाताने विचारलं, काय म्हणते?

मी हात हलवून सांगितलं, काही नाही.

का, ते विचारशील. मीही स्वतःला विचारलं. तुम्ही दोघं भांडलात आणि तीन वर्षं मधे मी. त्याचा राग मी पाहिला, तुझे रविवार मी सांभाळले, त्याची उष्टी ताटली मी उचलली. आणि माफी कोणाची, तर त्याची. माझं चुकलं आजी, असं एकदा तरी म्हणाली का ही, असं त्या क्षणी मनात आलं आणि हात हलला. तोंडाने खोटं बोलायला वेळ लागतो. हाताने लागत नाही.

मागच्या आठवड्यात त्याला खरं सांगितलं. ती माफी मागत होती, यंत्राने चित्र टाकलं, डोळे तिने मिटले नव्हते, सगळं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तू नेहमीच सगळं गोड करून सांगतेस." आणि ते खरं आहे. पन्नास वर्षं लोक त्याला काय काय बोलले ते मी निम्मं गाळून सांगितलं. गिऱ्हाईक शिवी देऊन गेलं तर मी सांगायची, उद्या येतो म्हणाला. त्याला तेव्हाही कळत होतं म्हणे. आता खरं सांगितलं तर विश्वास नाही. पालथ्या घड्यावर पाणी, आणि घडा मीच पालथा घातलेला.

तेव्हा आता माझ्या शब्दाने काही होणार नाही. तुझे हात त्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसले पाहिजेत. म्हणून तुझ्या मागे लागलेय. साहेबाला सांग, माझ्या आजीने घाण केलीये, ती मला निस्तरायचीये.

आजी


९ मार्च

भिंगरे,

तू पाठवलेलं नवीन ॲप फोनवर घातलं. म्हणजे शिंपिणीने घातलं. तिने आधी भलतंच काही घातलं, त्यातून एक बाई ओरडून मला जमीन घ्यायला सांगत होती. ते काढलं. मग तुझं सापडलं. हाताचं चित्र असलेलं बटण दिसलं, दाबलं, निळं झालं.

साहेबाने फक्त चाचणीसाठी परवानगी दिली म्हणतेस, आणि पन्नास बहिऱ्या माणसांना बोलावलंय म्हणतेस. उशिरा का होईना, विचारायला सुचलं. त्यांना चहा द्या, आणि ते बोलत असताना मान खाली घालून लिहीत बसू नका. तू तरी हे त्यांना शिकव.

रविवारी ये. म्हणजे फोनवर ये. मी त्याला एवढंच सांगितलंय की रविवारी पत्रा ठोकू नकोस, माझं डोकं दुखतं. तो म्हणाला, माझ्या ठोकण्याने तुझं डोकं पन्नास वर्षांत आजच दुखलं का? मी म्हटलं, हो. यायचं तर येईल. मी ओढून आणणार नाही.

आजी


१३ मार्च

भिंगरे,

काय बोललात तुम्ही?

मला सगळं रीतसर लिहून पाठव. तुझ्या आबाला विचारून विचारून माझे हात दुखले.

तो आला, बसला, तुझं ते उकडलेलं तोंड पडद्यावर आलं. आवाज तर नव्हताच, नुसती खरखर, मी बंदच केला. तू हात उचललास आणि काय सांगितलंस ते मला अर्धं दिसलं, कारण त्याने फोन माझ्याकडून काढून घेतला आणि खिडकीत पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला. मी मान पुढे केली तर मला म्हणाला, बाहेर जा. मी म्हटलं, माझं घर आहे. तो म्हणाला, घर तुझं, बोलणं आमचं. आणि मी गेल्यावर दार लोटून घेतलं. आपल्या घरात एकांत हवा असेल तर दार लावावं लागतं, हे इतक्या वर्षांत काल कळलं, कारण आजवर माझ्याशिवाय त्याला बोलायला कोणी नव्हतंच.

लोटायच्या आधी एवढं पाहिलं की मध्येच तुझ्या चित्राभोवती लाल चौकट आली आणि तू थांबलीस. पण तो उठला नाही. हात मांडीवर ठेवून बसून राहिला, बसची वाट बघत बसतात तसा. चौकट गेली आणि तुझे हात पुन्हा चालू झाले. त्या रविवारीही यंत्रच थांबलं होतं, हे तेव्हाच त्याला कळलं असणार. माझ्याकडे वळून बघितलं त्याने, फार चांगल्या नजरेने नाही.

मी जिन्यात बसले. पन्नास मिनिटं. आतून काही ऐकू येईल असं नव्हतंच. खुर्ची करकरली, एकदा मोठ्याने नाक शिंकरल्याचं ऐकू आलं, आणि मग तो हसला. आपलं हसणं किती मोठं आहे हे त्याला माहीत नाही. शिंपीण मशीन थांबवून बाहेर आली. म्हणाली, "काकू, कोण आहे वर?" मी म्हटलं, "आमचाच." ती म्हणाली, "मी दुकान घातल्यापासून हा आवाज ऐकला नाही." मी म्हटलं, आपलं काम कर.

बाहेर आला तेव्हा डोळे लाल. डाव्या हाताने उजवं मनगट धरलं होतं, म्हणजे खूप बोलला. हाताचं तुला सांगितलं का त्याने? की तू विचारलंस? की दोघं ते टाळून दुसरंच काही बोललात? मी विचारलं तर म्हणतो, तुला सांगितलं की तू त्यात साखर घालशील. दोन महिने जिन्यात, ओट्याशी आणि शिंपिणीच्या दुकानात फोन नाचवला मी, मास्तर मला वेडी समजतो, आणि शेवटी घरात मलाच काही सांगायचं नाही.

मी तुझी माफी मागणार नाही. कागदावर एकदा कबूल केलंय, तेवढं पुरे. तुला मागायची असेल तर माग, मी ऐकून घेईन.

पण एक सांग. आज सकाळी त्याने माळ्यावरची गादी काढली, जिन्यातून एकट्याने खाली नेली आणि दारापुढच्या उन्हात टाकली. कोणासाठी म्हणून विचारलं तर पाठ करून पत्रा मोजायला बसला. तुम्हा दोघांचं काय ठरायचं ते ठरो. मला येत्या रविवारी दोघांचं रांधायचं की तिघांचं, तेवढं आधी कळव.

आजी